टिल्लनचा दुसरा बूट

देवासला टेकडीखालच्या गल्लीत नीलकंठ सरांना ओळखत नाही असा माणूस शोधावाच लागेल. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याशी कधी ना कधी हुज्जत घातली. हुज्जतीचं कारण ठरलेलं असायचं. समोरचा माणूस ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगायला लागला की सरांचं पित्त खवळे आणि ते विचारत, "कुणी पाहिलं?" त्यांचे पूर्वज संस्थानच्या कचेरीत साक्षीपुरावे तपासायचं काम करत होते म्हणे. हे 'म्हणे' सरांना चालायचं नाही, पण आपल्याला चालेल.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी गल्लीतली पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत चित्रं काढायला जमू लागली. चित्रं कमी आणि मोबाइलवर पाहिलेल्या बाताच जास्त. अमक्या कार्टूनमधला मुलगा खरं तर बेशुद्ध पडलाय आणि बाकी सगळं त्याला पडलेलं स्वप्न आहे. तमक्यातली भावंडं आगीत मेली होती, म्हणून ती कधी जेवताना दिसत नाहीत. सर शांतपणे ऐकून घेत आणि मग एकेक गोष्ट उसवायला बसत. तो बेशुद्ध मुलगा कुठल्या दवाखान्यात होता? ही बातमी पहिल्यांदा कुणी कुणाला दिली? पोरं एकमेकांकडे बघत. "अरे, घास तोंडात जातो, गाल फुगतात, हे सगळं चित्रात दाखवायला मेहनत लागते. कंटाळा येतो काढणाऱ्याला. त्यात भूत कुठून आलं?" सर म्हणत. शेवटी एकच सवाल, कार्टून कुठून येतं? "पेन्सिल से!" पोरं छत फुटेल अशी ओरडत आणि वर्ग सुटे.

गेल्या वर्षी आषाढात एका रविवारी अवंती नावाच्या चिमुरडीनं आईचा मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "सर, टिल्लन तो सच्ची में मर गया था ना? निसरपुर में डूब के?"

टिल्लन कोण, हे इकडच्या कुठल्याही पोराला विचारा. डोळ्यांवर आलेली पिवळी टोपी, सदा पळता, एका पायात लाल बूट, दुसरा पाय उघडा. इंदूरच्या एका छोट्या स्टुडिओत तो जन्मला आणि गेली वीसेक वर्षं हिंदी चॅनलवर पळतोच आहे. मोबाइलमधला माणूस जड आवाजात सांगत होता की टिल्लन हा खराखुरा मुलगा होता, नर्मदेचं पाणी निसरपुरात चढलं तेव्हा तो वाहून गेला, काठावर त्याचा एकच बूट सापडला, म्हणून तो आजही दुसरा बूट शोधत पळतो. पुढचं वाक्य हिंदीतच होतं. "उसकी माँ पागल हो गई थी. सावन बीत जाने के बाद भी वो उसकी तस्वीर के आगे दिया जलाती और हवा में चावल फेंकती थी."

सरांनी मोबाइल अवंतीच्या हातात परत दिला. वर्गाला त्या दिवशी लवकर सुट्टी झाली.

इतर कार्टूनांच्या गोष्टी उसवणं सोपं होतं. ही कशी उसवणार? टिल्लन त्यांनीच काढला होता. स्टुडिओ त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. सरांच्या वहीतलं चित्र त्यानं हौसेनं मागून नेलं आणि पुढं ते एवढं वाढलं. ते चित्र होतं अभिषेकचं, सरांच्या एकुलत्या एक मुलाचं. चार वर्षांचा असताना तो शाळेत जायला असा उतावीळ असे की सरांनी एका बुटाची नाडी बांधेपर्यंत कसाबसा थांबे आणि दुसरा हातात घेतला की दारातून पसार. दुसरा बूट कुठं बुडाला नव्हता की हरवला नव्हता. बाप तो हातात घेऊन गल्लीभर मागं पळत होता. एवढीच टिल्लनची जन्मकथा. आणि निसरपुरात पाणी चढलं त्याच्या कितीतरी आधीपासून टिल्लन टीव्हीवर पळत होता, हे शेंबड्या पोरालाही कळायला हवं.

पण त्या तांदळाच्या वाक्यानं सरांचं काळीज चिरलं. ती आई म्हणजे सरला, त्यांची बायको. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. आणि अभिषेक कुठं होता, हे सरांना ठाऊक नव्हतं.

तो घर सोडून गेला ते सरांच्या जिभेमुळं. टिल्लन लोकप्रिय झाला तसा अभिषेक शाळेत टिल्लन, कॉलेजात टिल्लन, पानाच्या ठेल्यावरही "काय भिया, दुसरा जूता मिला क्या?" पोरगं चिडे, सरांना मात्र गंमत वाटे. पुढं त्याचं इंजिनिअरिंग अर्धवट राहिलं. त्या साली महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत सरांचा सत्कार झाला. शाल अंगावर पडल्यावर माणसाची जीभ जरा सैल होते. सर म्हणाले, "मला मुलगे दोन. टिल्लननं नाव काढलं. दुसऱ्याचं अजून बघतोय." लोक हसले. अभिषेक मागच्या रांगेत उभा होता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "अण्णा, तुम्हाला तोच आवडतो, कारण तो मोठा होत नाही." सकाळी तो गेला. आईला म्हणाला होता, पुण्याला जातो. सगळ्या नातेवाइकांनी पुणं पालथं घातलं, पण पोरगा मिळाला नाही.

यानंतर सरलानं श्रावणात एक नवीन गोष्ट सुरू केली. म्हणजे रीत जुनीच, तिच्या घरात नवी. श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा ती लग्नापासून करत आली होती. देवळीशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाडा-दूर्वांची माळ, पुरणाचे दिवे, आणि मग अभिषेकला पाटावर बसवून औक्षण. मूल जवळ असलं की अक्षता त्याच्या डोक्यावर टाकायच्या. मूल परगावी असलं की अंगणात उभं राहून चारही दिशांना टाकायच्या, जिथं असेल तिथं सुखात राहो म्हणून. सरलानं कागदाखाली सरांचं ते जुनं चित्र चिकटवलं, एका बुटातल्या पोराचं. दिवा ओवाळला आणि अंगणात जाऊन अक्षता उडवल्या. सर ओसरीवरून बघत होते. "पुणं दक्षिणेला आहे," ते म्हणाले. "असू द्या हो," सरला म्हणाली, "पोराचा काय भरवसा, पळत कुठल्या कुठं गेला असेल." त्यानंतर दर श्रावणात दर शुक्रवारी ती ते करत राहिली.

आता त्या अक्षतांचा श्राद्धाचा भात झाला होता. गल्लीतल्या कुणीतरी ते पाहिलं होतं. सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आता स्वतःच्या अंगणात उभं राहून विचारला. कुणी पाहिलं? अंगणात बाहेरून डोकावता येत नाही, भिंत उंच. अंगण आणि उघड्या दारातून आतली देवळी दिसते ती फक्त वरच्या भाड्याच्या खोल्यांच्या जिन्यावरून. तिथं तेव्हा एक कुटुंब राहायचं, सांगलीकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेलं. नवरा-बायको दोघंही कामाला जात आणि त्यांची लहानगी रुची शाळेतून येऊन जिन्यावर बसे. त्यांच्याकडे जिवतीचं व्रत नव्हतं.

रुची आता कॉलेजात होती, आणि तिच्या आईवडिलांनी औद्योगिक वसाहतीकडे घर बांधलं होतं. सर तिच्या दारात उभे राहिले तेव्हा ती गडबडली. "आजोबा, या ना, बैठो. पानी आणते." सरांनी पाणी घेतलं आणि सरळ विचारलं.

रुचीचा चेहरा उतरला. "मी छोटी होते ना, आजोबा. काकू फोटोसमोर दिवा लावायच्या, मग आँगन में येऊन चावल टाकायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि राखी होऊन गेलेली असायची. सगळे म्हणायचे, सावन खतम, अब कैसी पूजा. मला वाटलं, हे मेलेल्यांचंच काहीतरी आहे."

सरांनी डोळे मिटले. शेजाऱ्यांचा सावन राखीला संपतो, आपला अर्धा श्रावण त्यानंतर उरतो. हिंदी शाळेत शिकणाऱ्या पोरीला ते कोण सांगणार? तिचा काय दोष?

"मग तू कुणाला सांगितलंस?"

"स्कूल में. की टिल्लन आमच्या मकानमालकिणीचा मुलगा होता, मर गया. सगळ्यांना खूप मजा आली. नदी मी नाही टाकली, आजोबा, सच्ची. ती बाद में कुणी टाकली."

सुतावरून स्वर्ग गाठायला अशी दहा-बारा मुलं पुरतात. सरांना आणखी एक गोष्ट त्या क्षणी उमगली आणि ती फार लागली. शेवटच्या काही वर्षांत गल्लीतल्या बायकांनी सरलाला गोदभराईला, बारशाला बोलावणं सोडलं होतं. ती म्हणे, "अहो, माझं काही चुकलं का?" सर म्हणत, "त्यांना वेळ नसेल." पोरं जन्माला येणाऱ्या घरात मेलेल्या पोराची आई नको, असं त्या बायकांनी ठरवलं होतं. आणि सरला बिचारी पुरणाचा नैवेद्य त्यांच्याच घरी पाठवत राहिली.

सर उठले. दारापर्यंत सोडायला आलेली रुची थांबली. "आजोबा, एक सांगू? एकदा मी एका दादाला पण सांगितलं होतं. शुक्रवारच होता. तो गाडी लावून नुक्कडवर उभा होता, मग आत आला, जिन्यापाशी. काकू आँगन में चावल टाकत होत्या. त्याने विचारलं, ये क्या कर रही हैं? मी बोलले, इनका बेटा मर गया, टिल्लनवाला, उसका कर रही हैं. तो बघत राहिला, आणि परत गेला. हेल्मेट घालताना रडत होता. मला वाटलं, टीव्हीवरचा टिल्लन मेला म्हणून रडतोय."

सरांनी उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

"कसा होता?"

"चेहरा याद नाही. गाडी याद आहे. मी तेव्हा नंबर वाचत बसायचे. आपल्याकडे सगळ्या एक्केचाळीस, त्याची अकरा होती."

गाडीच्या नंबरात एक्केचाळीस म्हणजे देवास, अकरा म्हणजे धार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याला. सगळे पुण्यात शोधत होते आणि पोरगा इंदूरपलीकडे, दोन-तीन तासांच्या रस्त्यावर. तो परत आला होता. आईच्या दारापर्यंत आला होता. आणि आपल्याच नावानं आपल्या आईला तांदूळ उडवताना बघून परत गेला होता. त्याला ती रीत कशी कळली नसेल, याचा सरांनी रात्रभर विचार केला, आणि उत्तर अगदी साधं होतं. तो लहानपणापासून पाटावर बसून अक्षता डोक्यावर घेत आला. दिशांना टाकायची वेळ आली ती तो गेल्यावर. त्यानं ते आधी पाहिलं असणार कुठून?

पुढच्या रविवारी सरांनी वर्गात सांगून टाकलं, "टिल्लन बुडाला नाही. तो जिवंत आहे. धारला राहतो." बाकीची पोरं आ वासून बघत राहिली. अवंतीनं मात्र सरांच्याच थाटात कमरेवर हात ठेवले. "किसने देखा, सर?"

सरांनी वर्ग सोडला आणि फोन नंबरांची वही काढली.

धारला त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, भैयासाहेब, तिथल्या एका देवळाच्या पूजाअर्चेचं बघणारे. धारमधली मराठी घरं त्यांना तोंडपाठ. सरांनी फोन केला. तिसऱ्या दिवशी भैयासाहेबांचा उलट फोन आला. "नीलकंठराव, अभिषेक नावाचा एक आहे इथं. पीथमपुरात कारखान्यात सुपरवायझर. बायको वैष्णवी, मुलगी स्वानंदी. आईबापांचं विचारलं की विषय बदलतो. मी काही बोललो नाही. तुम्हीच या."

सर श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी निघाले. वार त्यांनी ठरवून निवडला नव्हता, निदान ते तसं म्हणतात. इंदूरला बस बदलली. पिशवीत सरलानं कागदाखाली लावायचं ते चित्र होतं. वर्षानुवर्षं कुंकवाची बोटं लागून त्या पोराची पिवळी टोपी लाल झाली होती.

दार वैष्णवीनं उघडलं. सरांनी नाव सांगितलं तशी ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग पदर सावरून वाकली आणि आत वळून हाक मारली. अभिषेक आला. केस कानांपाशी पांढरे झाले होते. सर डोळे भरून बघत राहिले. टिल्लन मोठा झाला होता.

"आत या," तो म्हणाला. परक्याला म्हणावं तसं.

वैष्णवी पाणी ठेवून आत गेली. मग अभिषेकच म्हणाला, "मी एकदा आलो होतो."

"माहीत आहे."

"आई माझ्या त्या चित्रापुढे दिवा लावून तांदूळ उडवत होती. जिन्यावरची एक मुलगी म्हणाली, मर गया. मला वाटलं, माझ्या नावानं पाणी सोडलंत तुम्ही. सत्काराच्या दिवशी जे बोललात ते खरं करून दाखवलंत."

"अभि, अक्षता होत्या त्या. जिवतीच्या."

"जिवतीच्या अक्षता डोक्यावर टाकतात, अण्णा. मला माहीत नाही का?"

"मूल समोर असलं की डोक्यावर. समोर नसलं की चार दिशांना. तू कुठल्या दिशेला आहेस ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती चारही बाजूंना टाकायची. मेलेल्यासाठी नव्हे रे. तू जगावंस म्हणून."

अभिषेकचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो दाराकडे बघायला लागला, सरांच्या मागं, जणू कुणी अजून बसमधून उतरायचं राहिलंय. "आई का नाही आली?"

खोट्या गोष्टी उसवण्यात सरांचा हातखंडा होता. ही एक गोष्ट खोटी निघाली असती तर त्यांनी उरलेलं आयुष्य कुठल्याही बातेवर विश्वास ठेवला असता. "ती गेली, बाळ. दोन पावसाळे झाले. तुझा पत्ता नव्हता."

तो खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. नुसते खांदे हलत होते.

सर त्याच्याजवळ खाली बसले, गुडघे कुरकुरले तरी बसले. "मी त्या दिवशी चारचौघांत जे बोललो ते वाईट बोललो," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं. मागं पळायला हवं होतं मी. लहानपणी पळायचो तसं." पिशवीतून त्यांनी चित्र काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. अभिषेक त्या लाल झालेल्या टोपीवर अंगठा फिरवत राहिला. ती लाली कशाची ते त्याला सांगावं लागलं नाही.

स्वयंपाकघरात पुरणाचा वास येत होता. वैष्णवीकडेही व्रत होतं. भिंतीवर जिवतीचा कागद होता, पाट मांडलेला होता आणि स्वानंदी नवा फ्रॉक घालून पाटावर चुळबुळत बसली होती. वैष्णवीनं मुलीला ओवाळलं, तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मग ती तबक घेऊन थांबली आणि सासऱ्यांकडे वळली. "बायकांनी करायचं असतं. पण आईंच्या वतीनं आज तुम्हीच करा."

अभिषेक पाटावर बसला. आता तो पाट त्याला लहान होत होता. सरांनी आयुष्यात कुणाला ओवाळलं नव्हतं. तबक वाकडं झालं, एक दिवा विझला, वैष्णवीनं तो पुन्हा लावला. मग सरांनी तबकातल्या सगळ्या अक्षता मुठीत घेतल्या. सरलानं इतकी वर्षं अंगणातून पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला, दक्षिणेला उडवल्या होत्या तेवढ्या त्या एका मुठीत मावणार नव्हत्या, पण होत्या तेवढ्या त्यांनी त्या एका डोक्यावर टाकल्या. दाणे केसांतून घरंगळून खांद्यावर, मांडीवरच्या चित्रावर पडले. अभिषेकनं ते झटकले नाहीत.

तो व्हिडिओ अजून आहे. लोक बघतात, हळहळतात, पुढं पाठवतात. सरांनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. रविवारी पोरं जमली तेव्हा अवंती विसरली नव्हती. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "टिल्लन जिंदा है, ये किसने देखा?"

"मी," सर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.